नव्या पिकअपच्या ब्रेकची तक्रार: आधी मोजा, मग लिहून घ्या, मगच गाडीला हात लावू द्या

नवी पिकअप रस्त्यावर येऊन चार-सहा महिने होत नाहीत तोच ब्रेकची कुरबुर सुरू होते. मालक सर्व्हिस सेंटरला जातो आणि ‘ब्रेक बरोबर लागत नाही’ एवढंच सांगतो. तिथला माणूस रिकामी गाडी गेटबाहेर एक फेरी मारून आणतो, कागदावर ‘ब्रेक चेक केले, ओके’ लिहितो आणि गाडी परत देतो. पुढच्या आठवड्यात भरल्या गाडीने घाट उतरताना तोच प्रकार पुन्हा होतो.

यात मालकही खोटं बोलत नसतो आणि मेकॅनिकही बहुतेक वेळा खोटं लिहीत नसतो. दोष दिसतो भरलेल्या, तापलेल्या गाडीत आणि तपासणी होते रिकाम्या, थंड गाडीत. म्हणून पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. क्रम चुकला तर खरा दोषही सिद्ध करता येत नाही.

हा लेख साडेतीन टनांपर्यंतच्या पिकअपसाठी आहे: ब्रेक ऑइलवर चालणारे ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या ट्रकला यातलं बरंचसं लागू होत नाही.

## १. गाडी हलवायची की नाही, ते आधी ठरवा

पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर गाडी जिथे आहे तिथेच उभी करा. ‘सावकाश नेऊ’ म्हणून सर्व्हिस सेंटरपर्यंतही चालवू नका.

- पेडल तळाला टेकतं, किंवा दोन-तीनदा मारल्याशिवाय ब्रेक धरत नाही.
- हॅन्डब्रेक पूर्ण सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा जळत राहतो.
- चाकाच्या आतल्या बाजूला किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर ओल दिसते.
- इंजिन चालू असताना पेडल दगडासारखं घट्ट लागतं.
- एका चाकाजवळून जळका वास किंवा धूर येतो.

कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीला फोन करा आणि गाडी उचलून न्यायला लावा. त्या फोनचा तक्रार क्रमांक जपून ठेवा. तुमच्या तक्रारीची पहिली लेखी नोंद तीच असते.

सावधान: चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर इंजिन बंद करू नका. इंजिन थांबलं की बूस्टरला व्हॅक्यूम मिळणं बंद होतं, दोन-तीन दाबांत उरलेली मदतही संपते आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. पेडल भराभर मारत राहा, एकेक गिअर खाली आणा आणि हॅन्डब्रेक हळूहळू ओढा, एकदम हिसका देऊ नका.

## २. जे बिघाड नाहीत ते वगळा

सकाळी किंवा पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर हलका गंज धरतो. पहिल्या काही ब्रेकना घासल्याचा आवाज येतो आणि जातो. गाडीत एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताना पायाखाली थरथर जाणवते, ते एबीएसचं कामच आहे. नवे पॅड आणि लायनर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये डिस्कला आणि ड्रमला बसतात, तोवर पकड थोडी कमी वाटू शकते. या काळात विनाकारण करकचून ब्रेक मारणं टाळा.

हे सगळं तक्रारीत घातलं की खरी तक्रार त्यात बुडून जाते.

## ३. आपल्या बाजूची कारणं तपासा

हा टप्पा मालकांना आवडत नाही, पण वॉरंटीची निम्मी भांडणं इथेच हरली जातात.

पायपुसणं. केबिनमध्ये टाकलेलं जाड रबरी किंवा गालिच्याचं मॅट पेडलखाली सरकलं की पेडल पूर्ण दाबलं जात नाही. ते काढून पुन्हा बघा.

टायर. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी चारही टायरची हवा थंड असताना मोजा. पुढच्या दोन टायरमध्ये हवेचा फरक असला की ब्रेक ठीक असूनही गाडी ओढते. मागची हवा भरल्या गाडीसाठी वेगळी सांगितलेली असते, ती पुस्तिकेत बघा.

वजन. एकूण मंजूर वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की जो आकडा उरतो, तेवढाच माल भरायचा. दोन्ही आकडे आरसीवर आहेत. आरसीवरचं स्वतःचं वजन नंतर बसवलेला भारी हौदा, जाळी किंवा ताडपत्रीचा सांगाडा धरून आहे का, तेही बघा. भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवा आणि पावती घ्या. जादा भारावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहेच, शिवाय तुमची ब्रेकची तक्रारही त्याच पावतीवर फेटाळली जाते.

पाटे. इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण नव्या पिकअपच्या ब्रेकचा सगळ्यात कमी ओळखला जाणारा गोंधळ इथे आहे.

गाडी घेतली की मागे जादा पाटा टाकून घ्यायची पद्धत गावोगाव आहे. भार टाकल्यावर गाडी बसू नये, एवढाच हेतू असतो. पण अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याचा एक दांडा किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. भार टाकला की चेसिस खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की तो दाब कमी करतो, नाहीतर मागची हलकी चाकं ब्रेक मारताच जाम होऊन गाडीची शेपूट फिरते.

जादा पाटा टाकल्यावर भरलेली गाडीही पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला गाडी अर्धी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमीच ठेवतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. पुढचे पॅड झपाट्याने झिजतात, घाटात पुढचे ब्रेक तापतात, पकड जाते आणि मागचे लायनर मात्र नवेकोरे राहतात. मालक म्हणतो पॅड हलके दिलेत. पॅड बहुतेक वेळा ठीकच असतात.

उलट प्रकारही होतो. कोणी तो दांडा सोडवतो, तारेने बांधतो किंवा ‘मागचे ब्रेक जोरात लागतील’ म्हणून वर चढवतो. मग रिकामी गाडी पावसाळी रस्त्यावर ब्रेक मारताच आडवी होते. हा दांडा फक्त कंपनीच्या मापाने लावायचा, अंदाजाने कधीही नाही. ज्या गाड्यांत हे काम एबीएसबरोबरची ईबीडी यंत्रणा करते, तिथे हा दांडा नसतो. तुमच्या गाडीत काय आहे ते खाली वाकून बघा आणि फोटो काढा.

हौदा आणि वेल्डिंग. हौदा बाहेर बांधून घेतला असेल तर चेसिसलगत जाणारे ब्रेकचे पाइप कुठे दबलेत, घासतायत किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजलेत का ते बघा. मोठ्या मापाचे टायर टाकले असतील तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून पुढच्या रबरी होजला टायर लागतो का तेही बघा.

तपासणी: यातलं काही तुम्ही करून घेतलं असेल तर शक्य तिथे मूळ स्थितीत आणा आणि मग तक्रार करा. ते शक्य नसेल तर लपवू नका, तक्रारीत स्वतःहून लिहा. नंतर ते उघड झालं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

## ४. उभ्या गाडीतल्या चार चाचण्या

सपाट जागा, चाकांना अडण, गिअर न्यूट्रल. क्रम बदलू नका.

१. ऑइलची पातळी. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीवरच्या खुणा बघा. पॅड झिजतात तशी पातळी सावकाश उतरते, ते चालतं. नव्या गाडीत काही आठवड्यांत ती खालच्या खुणेला आली तर गळतीचा संशय धरा. टाकी आधी भरू नका. फोटो काढा. ऑइल ओतलं की पुरावा बुजतो. पुढे कधी ओतायची वेळ आलीच तर टोपणावर लिहिलंय तेच वापरा, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही नको, त्याने सगळी रबरं फुगतात.

२. बूस्टर. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे ते घट्ट होईल. पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर बूस्टर, त्याचा होज किंवा व्हॅक्यूम पंप यांपैकी कुठेतरी दोष आहे.

३. व्हॅक्यूम टिकतो का. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि थोड्या थोड्या अंतराने पेडल तीनदा दाबा. पहिल्यांदा खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्यांदा वर वर येत गेलं तर ठीक. पहिल्याच दाबाला घट्ट लागलं तर व्हॅक्यूम गळतोय.

४. पेडल बुडतं का. इंजिन चालू, पेडलवर सारखा मध्यम दाब, अर्धा मिनिट. पेडल हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठेच ओल नसली तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) आतून गळतोय. पेडल स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर येत असेल तर मागच्या ड्रमच्या लायनरचं अंतर वाढलेलं असण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक चाचणीचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या. पेडल, पाय आणि डॅशबोर्ड एकाच चौकटीत यायला हवेत.

## ५. चालत्या गाडीतली चाचणी: थंड, मग भरलेली, मग तापलेली

पहिल्या टप्प्यातलं एकही लक्षण नसेल तरच हे करा. मोकळी, कोरडी, सपाट जागा हवी. ताशी ३० किलोमीटरला गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त पळते, म्हणून पुढे भरपूर मोकळी जागा ठेवा.

रिकाम्या, थंड गाडीने ३० च्या वेगात ब्रेक मारा. गाडी सरळ थांबते का, पेडल किती खाली जातं, स्टिअरिंगला हादरे बसतात का, याची नोंद करा. मग मंजूर भार भरून तेच करा. यापुढची पायरी लोक सोडून देतात: नेहमीच्या भरल्या फेरीनंतर, ब्रेक तापलेले असताना, सुरक्षित जागी पुन्हा तेच.

तापल्यावर काय होतं ते नीट ओळखा, कारण दोन वेगळे प्रकार सारखेच वाटतात. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून पकड गेली. पेडल मऊ झालं आणि खाली जाऊ लागलं, म्हणजे ऑइलला उकळी फुटून लाइनमध्ये वाफ झाली. डॉट ३ ऑइल ताजं असताना साधारण २०५ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी मुरल्यावर १४० अंशांच्या आसपासच. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि पेडल जागेवर येतं. सर्व्हिस सेंटरला ‘काही सापडत नाही’ ते यामुळेच.

फेरीनंतर चारही चाकांचं तापमान दुरून मोजणाऱ्या गनने बघा. पुढची दोन्ही सारखीच तापलेली असतील तर एकवेळ चालेल. एक खूप जास्त तापलेलं असेल तर तिथे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा त्यातला पिस्टन अडकून ब्रेक धरून राहतोय.

सावधान: डिस्कला हात लावू नका. तापलेल्या चाकावर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होऊ शकते.

तपासणी: घाट न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरत असाल तर ती सवय आधी बंद करा. ज्या गिअरमध्ये आंबा घाट किंवा माळशेज चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. त्यानंतरही ब्रेक तापून जात असतील तरच ती गाडीची तक्रार.

## ६. जॉब कार्डवर तुमचे शब्द उतरवा

जॉब कार्ड म्हणजे गाडी आत घेताना तुमची तक्रार लिहिली जाते तो कागद. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत असतो, तो संगणकातला तयार पर्याय निवडतो: ‘ब्रेक चेक’. एवढ्यावर सही केलीत तर कागदोपत्री तुम्ही तक्रार केलेलीच नाही, फक्त तपासणी मागितली आहे.

असं लिहून घ्या: *‘गाडी मंजूर भारात (वजनकाट्याची पावती सोबत). घाट उतरल्यावर पेडल मऊ होऊन खाली जाते, अर्ध्या तासाने पूर्ववत. पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा जास्त तापते. ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेला, फोटो जोडला आहे. भारासह ट्रायल घेऊन निष्कर्ष लेखी द्यावा.’*

लक्षण कधी, किती भारात, किती किलोमीटरवर, किती वेळ, हे त्यात यायलाच हवं. कारण लिहू नका. ‘मास्टर सिलिंडर खराब’ असं लिहिलंत तर तेवढाच भाग तपासून गाडी परत मिळते.

चेसिस नंबर, किलोमीटरचा आकडा, गाडी आत घेतल्याची तारीख आणि वेळ वाचा, मग सही करा. प्रत घ्या. त्याच संध्याकाळी सगळी माहिती फोटोंसह डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने पाठवा, विषयात चेसिस नंबर टाका. तोंडी आणि फोनवर झालेलं सगळं नंतर हवेत विरतं.

सावधान: या टप्प्याआधी ओळखीच्या मेकॅनिककडून एअर काढून घेणं, लायनर घासून घेणं, एलएसपीव्हीला हात लावणं, यातलं काहीही करू नका. तो मेकॅनिक कितीही हुशार असला तरी वॉरंटीतल्या गाडीचा पुरावा त्याने नकळत पुसलेला असतो.

## ७. ट्रायलला सोबत बसा आणि मापं मागा

भारासह ट्रायल घ्या असा आग्रह धरा आणि सोबत बसा. सेंटरजवळ भार भरायची सोय नसते, तेव्हा गाडी भरूनच घेऊन जा. एक दिवसाची खोटी होते, पण महिनाभराचे हेलपाटे वाचतात.

‘पॅड हे झिजणारे भाग आहेत, वॉरंटीत बसत नाहीत’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर वाद घालू नका, मापं मागा. दोन्ही पुढच्या चाकांचे आतले आणि बाहेरचे असे चारही पॅड मिलिमीटरमध्ये मोजून लिहून द्या म्हणा. मागचे ड्रम उघडून लायनरची जाडीही लिहायला सांगा. आकडे स्वतःच बोलतात:

- चारही पॅड सारखे झिजलेत, मागचे लायनरही त्याच प्रमाणात: वापर आणि भाराचा प्रश्न असू शकतो.
- एकाच कॅलिपरमधला एक पॅड जास्त झिजलाय: पिन किंवा पिस्टन अडकतोय. ड्रायव्हरच्या सवयीने हे होत नाही.
- डावी-उजवी बाजू वेगळी: एका बाजूचा ब्रेक धरून राहतोय किंवा दुसरीकडचा लागत नाही.
- पुढचे संपले, मागचे जसेच्या तसे: मागच्या ब्रेकला दाब पोचत नाही. एलएसपीव्ही आणि ड्रमचं ॲडजस्टमेंट बघा.
- मागच्या एका ड्रममध्ये लायनर तेलकट: ॲक्सलची ऑइल सील किंवा व्हील सिलिंडर गळतोय.

ब्रेक मारताना स्टिअरिंग हादरत असेल तर डिस्कची जाडी वेगवेगळ्या जागी मोजायला सांगा. व्हीलचे नट कमी-जास्त आवळले असले तरीही हादरे येतात. पंक्चर काढून आल्यावर हादरे सुरू झाले असतील तर आधी नट ठरलेल्या टॉर्कवर आवळून घ्या.

## ८. ताबा घेण्याआधी

भाग बदलला असेल तर त्याचा नंबर बिलावर हवा, वॉरंटीत रक्कम शून्य असली तरी. चौथ्या टप्प्यातल्या चाचण्या तिथेच पुन्हा करा. ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलेलं असेल आणि भारासह ट्रायल झालेली नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘भारासह ट्रायल घेतलेली नाही, तक्रार कायम.’ कोणी अडवलं तरी लिहा, तुमचा तो हक्क आहे. गाडी किती दिवस आत उभी होती त्याच्या आत-बाहेरच्या तारखांचा कागद घ्या, हप्ता आणि बुडलेल्या फेऱ्यांचा हिशेब त्यावरच मांडता येतो.

## ९. तरीही सुटलं नाही तर

याच दोषासाठी पुन्हा जावं लागलं की प्रत्येक वेळी नवं जॉब कार्ड काढा. ‘जुन्याच कार्डावर बघतो’ म्हटलं तर नको म्हणा. एकाच लक्षणाची वेगवेगळ्या तारखांची कार्डं हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

मग कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षरांचा चेसिस नंबर टाकून गाडी कुठल्या रिकॉलमध्ये (दोषामुळे कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत) आहे का बघा. रिकॉलमधली दुरुस्ती मोफत असते. रिकॉल नसेल आणि गाडीला सात वर्षं झालेली नसतील तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर दोषाची नोंद करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम ११०-अ आणि १ एप्रिल २०२१ पासूनचे नियम यासाठीच आहेत. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरलेल्या प्रमाणापर्यंत पोचल्या की सरकार चौकशी करून गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्यामुळे तुमची गाडी एव्हाना दुरुस्त झाली असली तरी नोंद कराच, दुसऱ्या कोणाचा तरी जीव त्यावर असतो.

पैशांची भरपाई किंवा गाडी बदलून हवी असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो.

तिथे समोरचा वकील पहिला मुद्दा काढतो तो हा, की पिकअप धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय की स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहकच असतो आणि मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचा तो हक्क जात नाही. गाड्यांचा ताफा असेल तर मात्र हा आधार टिकणं अवघड. म्हणून अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: गाडी कोण चालवतं, घर कशावर चालतं, दुसरी गाडी आहे की नाही. सोबत लायसन्सची प्रत, कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, वजनकाट्याच्या पावत्या आणि सगळी जॉब कार्डं तारखेच्या क्रमाने लावा. तज्ज्ञाकडून किंवा प्रयोगशाळेकडून गाडीची तपासणी व्हावी, ही मागणी त्याच अर्जात करा. आणि ती तपासणी होईपर्यंत काढलेले जुने पॅड, लायनर किंवा सिलिंडर तुमच्या हातात आले असतील तर पुसू नका, धुऊ नका. पिशवीत घालून तारीख लिहा आणि घरात ठेवा.